सिडनीची पहाट, पुण्याची रात्र: खेळातील एका व्यवसाय-निवडीचे प्रकरण

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन खेळाची जुनी आवृत्ती ऑगस्ट 2019 मध्ये 'क्लासिक' या नावाने पुन्हा खुली झाली. हे प्रकरण त्या आवृत्तीतील एका खेळाडूचे आहे. तो पुण्यात नोकरी करतो आणि खेळातील दोन पक्षांपैकी अलायन्स पक्षाच्या नाइट एल्फ ड्रुइडने (रूप बदलू शकणाऱ्या पात्राने) हीलर म्हणून, म्हणजे साथीदारांच्या जखमा भरणारा म्हणून, खेळतो. मित्रांची गिल्ड, म्हणजे खेळाडूंची संघटना, ऑस्ट्रेलियाच्या सर्व्हरवर असल्यामुळे त्यानेही तिथेच पात्र उघडले. जानेवारी 2020 मध्ये त्याचे पात्र चव्वेचाळिसाव्या लेव्हलला पोहोचले, तेव्हा थैलीत पन्नाससुद्धा गोल्ड (खेळातील चलन) नव्हते. साठाव्या लेव्हलला जलद घोड्यासाठी, म्हणजे एपिक माउंटसाठी, सुमारे 1000 गोल्ड लागतात. शिवाय दर रविवारच्या रेडसाठी, म्हणजे मोठ्या पथकाने मिळून केलेल्या चढाईसाठी, लागणारी औषधे ज्याची त्याने आणायची, असा गिल्डचा नियम होता. कोणते दोन व्यवसाय धरले तर हा खर्च निघेल, एवढाच त्याचा प्रश्न होता. असे प्रश्न नेहमी 'सर्वांत फायदेशीर व्यवसाय कोणता' या शब्दांत विचारले जातात आणि म्हणूनच त्यांची उत्तरे बहुधा चुकतात. या खेळाडूचे उत्तर व्यवसायांच्या यादीतून निघाले नाही. ते त्याच्या घड्याळातून निघाले, आणि हे प्रकरण लिहून ठेवण्याचे कारणही तेच आहे.

नियम थोडक्यात असे. मुख्य व्यवसाय नऊ असले तरी एका पात्राला त्यांपैकी दोनच घेता येतात. हर्बलिझम (झाडपाला तोडणे), मायनिंग (खनिजे काढणे) आणि स्किनिंग (कातडी काढणे) हे तीन माल गोळा करण्याचे व्यवसाय आहेत. अल्केमी (औषधे बनवणे), एन्चांटिंग (शस्त्रांवर मंत्र चढवणे), टेलरिंग, लेदरवर्किंग, ब्लॅकस्मिथिंग आणि इंजिनिअरिंग हे सहा माल घडवण्याचे किंवा त्यावर प्रक्रिया करण्याचे. स्वयंपाक, मासेमारी आणि प्रथमोपचार हे दुय्यम व्यवसाय सर्वांनाच करता येतात. प्रत्येक व्यवसायाचे कौशल्य 1 पासून 300 पर्यंत वाढवावे लागते. एखादा मुख्य व्यवसाय सोडला, तर त्यातील सगळे कौशल्य शून्यावर येते. पुन्हा घेतला, तर पहिल्यापासून सुरुवात. त्यामुळे निवड चुकली, तर ती दुरुस्त करण्याची किंमत वेळेत मोजावी लागते.

आमच्या ड्रुइडने सुरुवातीला स्किनिंग आणि लेदरवर्किंग ही जोडी घेतली होती. ड्रुइड चामड्याचे चिलखत वापरतो, जनावरे मारतच लेव्हल वाढवायची असते, मग त्यांची कातडी काढावी आणि स्वतःच चिलखत शिवावे, हा विचार वरवर पाहता बिनतोड आहे. पण त्याने शिवलेली कमरपट्टे-हातमोज्यांसारखी सामग्री ऑक्शन हाउसमध्ये, म्हणजे खेळातल्या लिलावघरात, पडून राहायची, किंवा ज्या चामड्यापासून ती बनवली त्या चामड्याच्या भावापेक्षाही कमी दराने जायची. याचे कारण व्यवसायाच्या रचनेतच आहे. कौशल्य वाढवण्यासाठी प्रत्येक लेदरवर्करला त्याच ठरावीक वस्तू डझनांनी बनवाव्या लागतात. त्याला त्या वस्तूतून नफा नको असतो, कौशल्याचा गुण हवा असतो. तो गुण मिळाला की उरलेली वस्तू त्याच्या लेखी अडगळ ठरते आणि मिळेल त्या किमतीला तो ती काढून टाकतो. अशा विक्रेत्याशी स्पर्धा करणे म्हणजे तोट्यात विकण्याची शर्यत लावणे. त्यातच ऑक्शन हाउसमध्ये माल ठेवताना भरायची अनामत खेळातील दुकानदाराच्या खरेदी-किमतीवरून ठरते. चिलखतासाठी ती चांगलीच जड असते आणि माल न विकता परत आला, तर ती बुडते. झाडपाल्याची अनामत त्या मानाने किरकोळ असते, हे पुढे उपयोगी पडले.

लेदरवर्किंग सोडायचे, हे त्यामुळे लवकरच ठरले. त्याच्या जागी काय घ्यायचे, यावर मात्र गिल्डमध्ये बराच काथ्याकूट झाला.

घड्याळाचा मुद्दा

हा खेळाडू रात्री नऊनंतर सुमारे दीड तास खेळे आणि रविवारी दुपारी रेडला हजर राही. ऑस्ट्रेलियातील उन्हाळी वेळ लागू असताना सिडनी भारतापेक्षा साडेपाच तास पुढे असते, एरवी साडेचार. म्हणजे पुण्यात रात्रीचे नऊ वाजतात, तेव्हा त्याच्या सर्व्हरवर पहाटेचे अडीच किंवा दीड वाजलेले असतात. त्या वेळी ज्या सर्व्हरवर संध्याकाळी प्रत्येक रोपट्यापाशी दोघे जण धावत येतात, तिथली राने ओस पडलेली असतात; शिवाय हा सर्व्हर पीव्हीपी प्रकारचा, म्हणजे खेळाडूंना एकमेकांवर हल्ला करता येणारा, असल्यामुळे संध्याकाळी शत्रुपक्षाच्या टोळ्या ज्या वाटा अडवून बसतात, त्याही मोकळ्या असतात. पण याच वेळी गिऱ्हाईकही झोपलेले असते. खरेदी-विक्रीची ट्रेड चॅट थंड असते, आयर्नफोर्ज शहराच्या बँकेसमोर चार-पाच पात्रे निश्चल उभी असतात. माल गोळा करायला याहून चांगली वेळ नाही आणि विकायला याहून वाईट वेळ नाही, अशी ही परिस्थिती. तिच्या कसोटीवर एकेक पर्याय लावून पाहिला असता अर्धे पर्याय आपोआपच गळतात.

एन्चांटिंग सर्वांत आधी गळले. मंत्र कागदावर उतरवून ऑक्शनला ठेवण्याची सोय क्लासिकमध्ये नाही. गिऱ्हाईक समोर हवे, ट्रेडची खिडकी उघडून त्याच्या शस्त्रावर तिथेच मंत्र चढवावा लागतो. 'क्रुसेडर'सारखा मागणी असलेला मंत्र जवळ असला, तरी तो पहाटे अडीचला कोणाला ऐकवायचा? ज्याला संध्याकाळी शहरात उभे राहून हाकारे घालायची हौस आणि सवड आहे, त्याच्यासाठी तो चांगला धंदा आहे. ब्लॅकस्मिथिंगमध्ये पैसा 'लायनहार्ट हेल्म'सारख्या दुर्मीळ रेसिपींत असतो, आणि त्या रेसिपी विकत घेण्यासाठी आधी पैसा लागतो. इंजिनिअरिंगच्या बऱ्याचशा उपयुक्त वस्तू इंजिनिअरलाच वापरता येतात, त्यामुळे तो खर्चाचा व्यवसाय आहे, कमाईचा नाही.

मायनिंगबद्दल मात्र मतभेद झाले आणि ते रास्त होते. थोरियम आणि त्यातून क्वचित मिळणारे आर्केन क्रिस्टल यांना मोठी मागणी असते. मग हर्बलिझम आणि मायनिंग दोन्ही घेऊन एकाच फेरीत झाडपाला आणि खनिजे का गोळा करू नयेत, असे काहींचे म्हणणे होते. त्याचे उत्तर नकाशाच्या कोपऱ्यातील छोट्या चकतीत आहे. क्लासिकमध्ये त्या चकतीवर एका वेळी एकाच गोष्टीचा माग दाखवता येतो: रोपांचा किंवा खाणींचा. दोन्ही व्यवसाय असलेला खेळाडू सतत माग बदलत राहतो किंवा एका डोळ्याने आंधळा होऊन फिरतो. शिवाय समृद्ध थोरियमच्या शिरा अनेकदा गुहांत आणि शत्रूंच्या तळांजवळ असतात. तिथे पोहोचायचे तर मारामारी अटळ. हीलिंगसाठी गुण वाटलेल्या ड्रुइडचे मारामारीत काही खरे नसते. एखादा 'मेज' (जादूगार पात्र) चार शत्रू एकदम गारठवून मारतो, तेवढ्या वेळात याचा एक शत्रू पडत नाही. रोपे तोडायला कोणाला मारावे लागत नाही, अवजारही लागत नाही. ड्रुइडला तिसाव्या लेव्हलपासून चित्त्याचे ट्रॅव्हल फॉर्म मिळते, त्यात वेग चाळीस टक्क्यांनी वाढतो आणि त्यासाठी घोड्यासारखे तीन सेकंद थांबावे लागत नाही. रोप तोडताना पुन्हा माणसाच्या रूपात यावे लागते, एवढीच कटकट. मांजराच्या रूपात लपून शत्रूच्या नाकासमोरून जाता येते, ते वेगळेच. त्याच्या पात्राला, त्याच्या वेळेला आणि त्याच्या स्वभावालाही हर्बलिझम जुळत होते.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्याने लेदरवर्किंग सोडून हर्बलिझम घेतले. पंचेचाळिसाव्या लेव्हलच्या पात्राला पुन्हा टेल्ड्रॅसिल आणि डार्कशोअर या नवख्यांच्या भागांत जाऊन पीसब्लूम तोडावे लागले, यात जरा नामुष्की होती. पण खालच्या दर्जाचा झाडपालाही वाया जात नाही. अल्केमी नव्याने शिकणारे लोक तो विकत घेतात. ब्रायरथॉर्न आणि मेजरॉयल तोडताना अधूनमधून मिळणारे स्विफ्टथिसल 'रोग' (चोर) या वर्गातील पात्रांच्या चहाला आणि वेगाच्या औषधाला लागते, आणि समुद्राच्या तळाशी मिळणारे स्ट्रँगलकेल्प फ्री अॅक्शन पोशनसाठी लागते. ही दोन नावे लक्षात ठेवली, तर कौशल्य वाढवण्याच्या काळातही चार पैसे सुटतात.

झाडपाला फुकट नसतो

मार्चमध्ये पात्र साठाव्या लेव्हलला पोहोचले आणि ज्यावर पुढचे सगळे अवलंबून होते, त्या ड्रीमफॉइल या वनस्पतीपर्यंत तो आला. त्यासाठी हर्बलिझमचे कौशल्य 270 लागते. अन'गोरो, अॅझशारा, फेलवुड आणि सिलिथस या भागांत ते उगवते. पहाटेच्या शांततेत अन'गोरोच्या विवराच्या कडेने एक फेरी मारली, की तिथेच माउंटन सिल्व्हरसेजही हाताला लागते. ते उतारावर, उंचवट्यावर असते, म्हणून घाईत धावणाऱ्यांच्या नजरेतून सुटते. विवराच्या मधोमध फिरणाऱ्या डेव्हिलसॉर या अजस्र जनावराच्या पावलांचा आवाज आला, की मांजर होऊन थांबायचे. या डेव्हिलसॉरच्या चामड्याला एवढा भाव होता, की अनेक सर्व्हरांवर टोळ्यांनी हे विवरच ताब्यात घेतले होते. आमच्या खेळाडूकडे स्किनिंग होते, तरी तो त्या फंदात पडला नाही. एकट्या हीलरला असे जनावर पाडायला जो वेळ लागतो, त्यात रोपांची अर्धी फेरी होते.

याच सुमारास त्याला वाटू लागले, की झाडपाला विकण्यापेक्षा औषधे बनवून विकावीत. गिल्डची बँक मेलबर्नला स्थायिक झालेले एक मराठी गृहस्थ सांभाळतात. क्लासिकमध्ये गिल्ड बँक नावाची सोय नाही; त्यासाठी एक वेगळे पात्रच ठेवावे लागते. या दोघांतला संवाद मी गिल्डच्या चॅटमध्ये वाचला.

"दादा, मेजर मॅना पोशन साडेपाच गोल्डला जातंय. झाडपाला माझा स्वतःचा, मग खर्च काय, फक्त बाटली!"

"मग तोच झाडपाला मला वीक ना. रोकडा देतो, आत्ता. बोल काय भाव लावू?"

प्रश्न खोचक होता आणि त्यातच उत्तर होते. मेजर मॅना पोशनला, म्हणजे मॅना (जादू करण्याची शक्ती) भरून देणाऱ्या औषधाला, तीन ड्रीमफॉइल, दोन आईसकॅप आणि एक क्रिस्टल व्हायल लागते. त्या आठवड्याचे भाव सोयीसाठी गोल करून घेऊ: ड्रीमफॉइल 1 गोल्ड आणि आईसकॅप 1 गोल्ड 20 सिल्व्हर (शंभर सिल्व्हरचे एक गोल्ड). तीन ड्रीमफॉइलचे 3 गोल्ड, दोन आईसकॅपचे 2 गोल्ड 40 सिल्व्हर, मिळून 5 गोल्ड 40 सिल्व्हर, बाटली वेगळी. औषध साडेपाच गोल्डला विकले, की ऑक्शन हाउस आपले पाच टक्के कापून घेते आणि हातात 5 गोल्ड 22 सिल्व्हर पडतात. बाटलीचा खर्च न धरताच प्रत्येक औषधामागे 18 सिल्व्हरचा तोटा. पाला स्वतः तोडलेला असल्यामुळे हा तोटा डोळ्यांना दिसत नाही. विकता आला असता तो पाला औषधात घातला, म्हणजे तो त्या दिवशीच्या बाजारभावाने स्वतःलाच विकला. झाडपाला कच्चा विकला, तर पाच टक्के तिथेही जातात, तेव्हा खरी तुलना 5 गोल्ड 13 सिल्व्हर विरुद्ध 5 गोल्ड 22 सिल्व्हर अशी करावी, असा बचाव त्याने केला आणि हिशेब म्हणून तो बरोबर होता. पण उरलेल्या 9 सिल्व्हरमध्ये बाटली, बनवण्याचा वेळ आणि शून्यापासून तीनशेपर्यंत अल्केमी वाढवताना खर्ची पडणारा सगळा पाला भरून काढायचा होता. शिवाय दादा रोकडा देत होते, तिथे कपात नव्हतीच.

फ्लास्क या महागड्या औषधाचेही तेच. 'सुप्रीम पॉवर'च्या एका फ्लास्कला तीस ड्रीमफॉइल, दहा माउंटन सिल्व्हरसेज आणि एक ब्लॅक लोटस लागते, आणि तो बनवायला स्कॉलोमान्स किंवा ब्लॅकविंग लेअर इथल्या प्रयोगशाळेपर्यंत जावे लागते. बहुतेक गिऱ्हाइके साहित्य स्वतःचे आणतात आणि अल्केमिस्टच्या हातावर बक्षिसी ठेवतात. किंमत ऐकून डोळे दिपतात, पण त्या किमतीतला मोठा वाटा कमळाचा असतो, कारागिराचा नाही. आणि ब्लॅक लोटसच्या मागे लागणे हा वेगळाच छंद आहे: विंटरस्प्रिंग, सिलिथस, बर्निंग स्टेप्स आणि ईस्टर्न प्लेगलँड्स या चारच भागांत ते उगवते, आणि पहाटेसुद्धा त्याच्या जागा राखून बसलेले लोक असतातच. वाटेत भेटले तर तोडायचे, त्यासाठी वाट वाकडी करायची नाही, असे त्याने ठरवले. मला हा त्याचा सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो, कारण याच मोहापायी कित्येक हर्बलिस्टांच्या संध्याकाळी एका जागी बसून गेल्या आहेत.

ड्रीमफॉइलच का, हेही इथेच सांगायला हवे. मेजर मॅना पोशनला ते लागते. 'सुप्रीम पॉवर' आणि 'डिस्टिल्ड विज्डम' या दोन्ही फ्लास्कांना तीस-तीस लागते. आगीपासून, निसर्गशक्तीपासून आणि सावलीपासून बचाव करणाऱ्या ग्रेटर प्रोटेक्शन औषधांतही प्रत्येकी एक लागते. मोल्टन कोअरच्या रेडमध्ये आगीचे औषध, पुढे आन'किराजमध्ये राजकुमारी हुहुरान या शत्रूसाठी निसर्गशक्तीचे, नॅक्सरामासमध्ये लोथेबसाठी सावलीचे. रेड बदलते, औषध बदलते, जोडीला लागणारा पदार्थ बदलतो. ड्रीमफॉइल तसेच राहते. औषध बनवणाऱ्याला पुढच्या रेडमध्ये कशाची मागणी येईल याचा अंदाज बांधावा लागतो, पाला पुरवणाऱ्याला ती जोखीमच नसते. चाळीस-चाळीस जणांची पथके दर आठवड्याला जी वस्तू पिऊन संपवतात, ती विकणाऱ्याचा बाजार कधी भरून जात नाही. चिलखत एकदा घेतले, की महिनोन्महिने टिकते.

विक्रीची अडचण

इथवर सगळे सुरळीत वाटते, पण गोळा करण्याची सोय हीच विक्रीची अडचण होती. खेळ संपवताना, म्हणजे सिडनीच्या पहाटे चारच्या आसपास, तो माल ऑक्शनला लावी. ऑक्शन जास्तीत जास्त चोवीस तासांचे असते, त्यामुळे संध्याकाळपर्यंत ते टिकत असे. परंतु सकाळी उठलेले विक्रेते त्याच्या भावापेक्षा एक कॉपर कमी लावून वर बसत आणि संध्याकाळी गिऱ्हाईक आले, की त्यांचा माल आधी जाई. उरलेला याचा माल दुसऱ्या दिवशी टपालाने परत. गिऱ्हाइकांची गर्दी रेडच्या आधीच्या तासाभरात होते, आणि त्या वेळचा भाव दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरच्या फुलबाजारात झेंडूला मिळणाऱ्या भावासारखा असतो: तासाभरापूर्वी आणि तासाभरानंतर तो नसतो.

मार्ग दोन निघाले. पहिला दादांनी सुचवला: सगळा ड्रीमफॉइल बाजारभावापेक्षा दहा टक्के कमी दराने थेट गिल्डला द्यायचा, टपालाने, पैसे भरून पार्सल सोडवण्याच्या पद्धतीने. दहा टक्के ऐकून खेळाडू नाखूश झाला. पण ऑक्शनचे पाच टक्के वाचतात, म्हणजे खरा फरक एका गोल्डमागे पाच सिल्व्हरचाच. त्या पाच सिल्व्हरमध्ये माल परत येण्याची आणि भाव पडण्याची काळजी मिटते. त्याने हे मान्य केले आणि निम्मा माल तसा देऊ लागला.

दुसरा मार्ग परिस्थितीने दिला. 25 मार्चपासून भारतात टाळेबंदी लागली आणि त्याचे काम घरून सुरू झाले. दुपारी दीडच्या जेवणाच्या सुट्टीत सिडनीला संध्याकाळचे सात किंवा सहा वाजत होते. पाच मिनिटांसाठी लॉग-इन करायचे, वीस-वीसचे गठ्ठे करून माल लावायचा आणि बाहेर पडायचे, एवढ्याने उरलेल्या निम्म्या मालाला बरा भाव मिळू लागला. पूर्वी कचेरीत हे शक्य नव्हते.

टाळेबंदीचा उलट परिणामही झाला. घरात अडकलेले लोक पहाटेपर्यंत जागू लागले आणि त्याच्या एकट्याच्या रानात पावले उमटू लागली. काही पावले माणसांची नव्हती. एकाच मार्गाने, न थांबता, कोणाशी न बोलता फिरणारी बॉट-पात्रे त्याने याच काळात पाहिली. खेळाची कंपनी ब्लिझार्डने जून 2020 मध्ये जाहीर केले, की अमेरिका, ओशनिया आणि युरोप या विभागांत आदल्या महिन्यात 74,000 हून अधिक खाती निलंबित किंवा बंद करण्यात आली आणि त्यांतील बहुसंख्य खाती स्वयंचलित साधने वापरणारी होती. बॉट गोळा करतात तो माल अखेर बाजारातच येतो, आणि फटका गोळा करणाऱ्यालाच बसतो. केवळ हर्बलिझमवर विसंबून राहण्यातला धोका त्यामुळे स्पष्ट झाला.

कूलडाउनचा उपयोग

कारागिरीचा फेरविचार त्याने यानंतर केला आणि या वेळी प्रश्न नेमका होता: अशी कोणती वस्तू आहे, जी बनवणारा कितीही उत्साही असला तरी मनाला येईल तेवढी बनवू शकत नाही? क्लासिकमध्ये अशा मोजक्या वस्तू आहेत. अल्केमिस्ट एक आर्केन क्रिस्टल आणि एक थोरियम बार यांतून आर्केनाइट बार बनवतो, पण एकदा बनवल्यावर दोन दिवस थांबावे लागते. टेलर दोन फेलक्लॉथपासून एक मूनक्लॉथ विणतो, त्याला चार दिवसांचे कूलडाउन, म्हणजे पुन्हा बनवण्यापूर्वीचा सक्तीचा थांबा, असते आणि ते मूनवेल नावाच्या कुंडापाशीच विणावे लागते. पुरवठ्यावर खेळानेच मर्यादा घातल्यामुळे कच्चा माल आणि तयार वस्तू यांच्या भावात थोडे अंतर कायम राहते. बॉटही ते पुसू शकत नाहीत, कारण एका पात्राला दोन दिवसांत एकच बार बनवता येतो.

हे दोन्ही व्यवसाय मुख्य पात्रावर घेण्याची गरज नव्हती. वरच्या पायरीचे शिक्षण पस्तिसाव्या लेव्हलला मिळते, म्हणजे पस्तीस लेव्हलचे दुय्यम पात्रही अल्केमी आणि टेलरिंग दोन्ही तीनशेपर्यंत नेऊ शकते. टाळेबंदीतल्या शनिवार-रविवारी त्याने असे एक पात्र वाढवले. अल्केमीच्या त्या पायरीसाठी फेरालसमधील फेदरमून आणि टेलरिंगसाठी थेरामोर गाठावे लागले. या वाटा पस्तीसच्या पात्राला झेपण्यासारख्या आहेत. मूनक्लॉथचा नमुना विंटरस्प्रिंगमधील एव्हरलुकला आणि आर्केनाइटची रेसिपी गॅजेटझानला विकत मिळते, दोन्ही मर्यादित संख्येत. त्या त्याने मुख्य पात्राने घेऊन टपालाने पाठवल्या. मग ते दुय्यम पात्र स्टॉर्मविंडच्या उद्यानातील मूनवेलपाशी उभे करून ठेवले. कूलडाउन संपले, की लॉग-इन करायचे, दोन बटणे दाबायची, माल टपालात टाकायचा. मिनिटागणिक कमाईचा विचार केला, तर त्याच्या सगळ्या उद्योगांत हाच सर्वांत किफायतशीर ठरला. पण एकूण कमाईत त्याचा वाटा लहानच होता, आणि पात्र पस्तीसपर्यंत वाढवण्यात गेलेले तास कोणी मोजले, तर हिशेब बराच उशिरा जमेकडे वळतो. टाळेबंदी नसती, तर मी त्याला हे करायला सांगितले नसते.

मासेमारीचा उल्लेख करायला हवा, कारण तिला व्यवसायाची जागा लागत नाही. नाइटफिन स्नॅपर हा मासा सर्व्हरच्या घड्याळाप्रमाणे रात्री मिळतो आणि त्याचे सूप हीलरना मॅनासाठी हवे असते. संध्याकाळी रेडमध्ये गुंतलेल्या ऑस्ट्रेलियन हीलरला तो पकडायला जागरण करावे लागते. आमच्या खेळाडूची तर रोजची वेळच ती. कंटाळा आला, की रोपे सोडून तो गळ टाकून बसे आणि गिल्डच्या हीलरांची सोय होई. यातून मोठा पैसा झाला नाही.

मेच्या अखेरीस त्याने एपिक माउंट घेतले. जुलैच्या शेवटी आन'किराजचा टप्पा आला, तेव्हा युद्धनिधीसाठी दोन्ही पक्षांना पर्पल लोटस हवे होते. महिनाभर आधीपासून ते साठवून ठेवण्याची बुद्धी त्याला झाली, कारण कोणत्या वस्तू लागणार ही यादी 2006 पासून सर्वांना ठाऊकच होती. डिसेंबरमध्ये नॅक्सरामास उघडले आणि औषधांचा खप वाढला, तसा ड्रीमफॉइलचाही.

मुख्य पात्राची दुसरी व्यवसाय-जागा शेवटपर्यंत स्किनिंगकडेच राहिली. साठनंतर तिचा त्याला फारसा उपयोग झाला नाही. ती इंजिनिअरिंगला द्यावी, कारण पीव्हीपी सर्व्हरवर एकट्याने फिरणाऱ्याला पळून जाण्याची साधने लागतात, असे माझे मत होते आणि आहे. त्याचे म्हणणे असे, की ज्या वेळी पळवून लावणारेच झोपलेले असतात, त्या वेळी साधनांवर खर्च कशाला. यावर आमचे एकमत झालेले नाही.

2021 च्या सुरुवातीला त्याची कचेरी पुन्हा सुरू झाली आणि दुपारचे लॉग-इन बंद पडले. त्याने ऑक्शनचा नाद सोडून सगळा माल दहा टक्के कमी दराने दादांकडे पाठवायला सुरुवात केली. 'बर्निंग क्रुसेड' हा खेळाचा पुढचा भाग जूनमध्ये येणार हे स्पष्ट झाल्यावर त्याने साठवलेले ड्रीमफॉइल मे महिन्यातच काढून टाकले, कारण नव्या भागात नव्या वनस्पती येणार होत्या आणि जुन्या रेडसाठी औषध पिणारे उरणार नव्हते. दादांनी त्यातले शेवटचे काही गठ्ठे घेतले नाहीत. ते त्याने ट्रेड चॅटमध्ये, मिळेल त्या भावाने विकले.